पहिला शब्द

तिने फोन औषधांच्या ट्रेला टेकवून उभा केला, टॉवेल पिळला आणि नवऱ्याचा लुळा हात पुसायला घेतला. स्क्रीनवर माइकचं लाल चिन्ह लुकलुकत होतं. भाची नुकतीच सगळं जोडून देऊन गेली होती.

"मावशी, आता टायपिंगची कटकट नाही. तू नुसतं बोल, ते लिहीत जाईल. 'पोस्ट कर' म्हणालीस की थेट ब्लॉगवर."

"माझं मराठी कळेल त्याला?"

"माझ्यापेक्षा बरं कळेल."

पक्षाघाताने नवरा अंथरुणाला खिळला, त्याची वाचा गेली, त्यानंतर तिने हा ब्लॉग सुरू केला होता. आधी चार ओळखीचे वाचत. आता अनोळखी बायका रोज वाट बघत. 'ताई, सेवा तुमच्याकडून शिकावी.' 'असं प्रेम हल्ली दिसतं कुठे?' दिवसभरात तिच्याशी कुणी बोलत असेल, तर त्या बायकाच. पण नवऱ्याला उचलून उचलून मनगट धरलं आणि लिहिणं अडलं.

तिने घसा साफ केला.

"आजची सकाळ छान गेली. खिडकीशी बसून मी जुन्या आठवणी काढल्या. ते डोळ्यांनी हसले."

स्वतःचा आवाज ऐकून तिला कसंसंच झालं. आजवर ती स्वयंपाकघरात बसून मुकाट्याने टाइप करायची. सकाळी चादर दुसऱ्यांदा ओली झाली, तेव्हा ती त्याच्या अंगावर ओरडली होती, "मुद्दाम करता ना?" खिडकीचा पडदा तर अजून उघडलाच नव्हता.

छताकडे बघत पडलेल्या नवऱ्याने मान वळवली. ती त्याच्याकडे पाठ करून बादलीत टॉवेल खळबळू लागली.

"मी कधी चिडत नाही. आपलं माणूस आहे, चिडून कसं चालेल?"

मागून घशातली घरघर आली. कफ झाला असेल, असं समजून ती पुढे बोलत राहिली.

"रात्री झोपताना ते माझा हात हातात घेतात."

पुन्हा तोच आवाज. ती झोपायची बाहेरच्या खोलीत, दार लोटून.

हात कोरडे करून तिने माइक बंद केला आणि काय उमटलंय ते पाहिलं. प्रत्येक वाक्य बिनचूक होतं. फक्त दोन वाक्यांच्या शेवटी एक शब्द जास्तीचा होता. 'आपलं माणूस आहे, चिडून कसं चालेल नाही.' 'रात्री झोपताना ते माझा हात हातात घेतात नाही.'

"घ्या! म्हणे माझ्यापेक्षा बरं कळेल," ती पुटपुटली, आणि तिचं लक्ष नवऱ्याच्या ओठांकडे गेलं. ते ओले होते आणि थरथरत होते.

"अहो, तुम्ही बोललात?"

त्याने तिच्यावरची नजर काढली नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या.

"ना... ही."

बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी चित्रं दाखवून, गाणी म्हणून शेवटी हात टेकले होते. जाताना म्हणाल्या होत्या, आता फार आशा धरू नका. तिचे डोळे भरून आले. तिने भाचीचा नंबर काढला. मग तिचा अंगठा थबकला. भाची पहिलं हेच विचारणार, काय म्हणाले?

तिने फोन लावलाच नाही. टॉवेलच्या कोपऱ्याने त्याचं तोंड टिपलं, अगदी हलक्या हाताने. मग फोन उचलला, दोन्ही 'नाही' खोडले आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं, माइक पुन्हा चालू केला.

"आणि मैत्रिणींनो, एक आनंदाची बातमी. आज ते बोलले." ती थांबली. भिंतीपलीकडून अस्पष्ट काहीतरी ऐकू येत होतं. तिने फोन ओठांजवळ नेला. "पहिला शब्द कोणता असेल, सांगा बघू? माझं नाव."

लाल चिन्ह तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत लुकलुकत राहिलं.

"पोस्ट कर," ती म्हणाली.