गार खोली

थोरलीने पाळण्याची दोरी खेचून खुंटीला बांधली आणि पाळणा बरोबर पाइपाच्या तोंडासमोर आणला. मग कंपनीच्या बाईचा हात धरून तोही तिथं नेला.

"लागतंय का काही?"

बाईने हात तसाच धरला. जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाइपाला वाकडा जोड, एल्बो, बसवलेला होता आणि त्यातून गार हवा येत होती. पंख्यासारखी फरफर नाही; दमादमाने, कुणी तोंड उघडं टाकून झोपलं असावं तशी. बाहेर पत्रे तापून कडकडत होते. आत बाईच्या अंगावर काटा आला.

"गल्लीत कुणाकडे आहे का दाखवा," थोरली म्हणाली. "दूध नासत नाही, भाजी सुकत नाही. आणि ही आमची महाराणी बाहेर ठेवली की भोंगा, इथं ठेवली की गप्प."

पाळण्यातली नात गप्प होती. डोळे उघडे होते.

बाईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. सकाळपासून ती आणि तिचा ड्रिलवाला थोरलीचं घरामागचं शेत तुडवत होते. युरेनियमच्या शोधात कंपनीने मागच्या उन्हाळ्यात इथं भोकं पाडली होती, आणि जाताना भरसभेत कबूल केलं होतं की एकूण एक भोक सिमेंटने बुजवून देऊ. बुजवायला यायला वर्ष लावलं. बाकीची सापडली, एक सापडेना. नकाशात ते घराच्या मागच्या भिंतीला लागून होतं. खुणेचा लाल खुंटा मात्र पार बांधाजवळ उभा होता, आणि तिथं खणून खणून ड्रिलवाल्याचे हात सोलले होते.

"आजी, खुंटा कुणी हलवला?"

"मी. तुमची वाट बघत बसले असते तर नात लग्नाला आली असती. पाइपाचं टोपण मुलाने पान्याने काढलं, त्याच्याभोवती या खोलीच्या भिंती मी सांगितल्या तिथं उभ्या राहिल्या. जागा आमची, हवा आमची."

यात लाजायचं काय ते तिला कळत नव्हतं. डोकं असलेला माणूस दुसऱ्याने खणलेल्या खड्ड्यातूनही आपलं पाणी काढतो. समोरच्या घरातली धाकटी जाऊ उन्हाळा लागताच घटकाभर बसायला आली होती. तेव्हा थोरलीने तिला दारातच सांगितलं होतं, ही खोली आहे, धर्मशाळा नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं, आणि थोरलीचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

बाईने पिशवीतून तळहाताएवढं यंत्र काढून पाळण्याखाली ठेवलं. त्याला आवाज नव्हता. नुसता एक आकडा होता, आणि तो चढत होता.

"इथल्या दगडातून एक वायू निघतो, आजी. मोकळ्यावर उडून जातो. बंद खोलीत साठतो, फुप्फुसात जातो. त्याला वास नसतो, रंग नसतो."

"वास नाही, रंग नाही, मग तुमची त्याची ओळख कुठं झाली?"

दारातला ड्रिलवाला हसला. बाईचा चेहरा बघून हसायचा थांबला.

"बाळ इथं किती वेळ असतं?"

"तुम्हाला काय करायच्यात नसत्या..."

"दिवसभर," कोपऱ्यातून थोरलीची सून म्हणाली.

थोरलीने मान वळवली. या घरात तिचं वाक्य कुणी मधे तोडत नसे. सुनेने तर अख्खं वाक्यही तिच्यासमोर क्वचितच बोललेलं. सून दुपट्याची घडी घालत होती. घालून झालेली घडी तिने मोडली आणि परत घालायला घेतली.

"ती पाइपाबरोबर श्वास घेते," ती खाली बघूनच म्हणाली. "सकाळी पाइप आत ओढतो, दुपारी बाहेर सोडतो. सोडता सोडता मधेच थांबतो. तो थांबला की हीसुद्धा थांबते."

"बाळंतिणीला भास होतात," थोरली बाईला म्हणाली. "मला नव्हते झाले, पण आताच्या पोरी नाजूक."

बोलता बोलता ती पाळण्याजवळ गेली, आणि सहज लागावा तसा हात तिने नातीच्या छातीवर ठेवला. छाती वरखाली होत होती. पाइपातून हवा येत होती. मग पाइप थांबला.

हाताखाली काही हललं नाही.

थोरली वाकलेलीच राहिली. पोर तिच्याकडे बघत होती. ना रडणं, ना चुळबूळ, कुणाची तरी परवानगी यायची असल्यासारखी. पाइपाने हळूच हवा सोडली. इवल्या फासळ्या वर आल्या.

थोरलीने पोरीला उचलून सुनेच्या हातात दिलं.

"काय ओतायचं ते ओता त्यात," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. आणि माझ्या भिंतीला धक्का लागला तर बघा."

सिमेंट कालवलं गेलं आणि रबरी नळीने पाइपात जाऊ लागलं. गोणी संपली, दुसरी फोडली. ड्रिलवाला आधी मोजत होता, मग त्याने मोजायचं सोडलं. गाडीतल्या गोण्या निम्म्यावर आल्या तरी भोक भरेना, गिळत राहिलं.

"खाली मोकळं आहे," तो म्हणाला.

"केवढं?" बाईने विचारलं.

त्याने पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या गल्लीकडे.

"आपण पाडलं तेव्हा सलग दगड होता, मॅडम. मीच होतो मशीनवर."

शेवटी त्याने पाइपात खोलवर रबराचं बूच ठोकून बसवलं आणि त्याच्या वर सिमेंट ओतलं. ते मात्र राहिलं. पाइप कापला, तोंड बंद झालं. त्यावर भोकाच्या नंबराची पट्टी बसवून ड्रिलवाल्याने गुडघे टेकले आणि कान लावला. मग तो उठला, आणि हातसुद्धा न धुता सामान भरायला लागला.

"खिडक्या उघड्या ठेवा," बाई म्हणाली. "उद्या येऊन परत मोजते. तोवर बाळाला या घरात नको. जवळपास कुणाकडे ठेवता येईल?"

जवळपास घरं पुष्कळ होती. थोरलीने बोलून बंद केलेली दारंही तेवढीच होती. नात भोंगा लावून बसली होती, तोंड लालभडक झालं होतं, सुनेच्या खांद्यावर राहत नव्हती. थोरलीने तिला घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि गल्ली ओलांडली.

धाकटी दारातच होती. तमाशा संपेपर्यंत ती दारातून हलणारी नव्हतीच.

"या, जाऊबाई. वाट चुकलात?"

"पोरीला घटकाभर टेकू दे. घरात धूळ झालीय."

"टेका ना. तुमची ती खोली. आमची धर्मशाळाच आहे."

एरवी याचं उत्तर थोरलीच्या ओठांवर तयार असतं. आज तिने मान खाली घातली आणि आत आली. धाकटीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट ती गडबडली. घाईघाईने पोर घेऊन ती मागच्या खोलीत गेली, कोपऱ्यात गोधडी अंथरली आणि पोरीला खाली ठेवलं.

हुंदका अर्ध्यावर राहिला. पोर गप्प झाली.

"बघा! माणसं ओळखते हो," धाकटी खूश होऊन म्हणाली. "आणि आमचा हा कोपरा मघापासून बरा गार पडलाय. तुमचं ते सिमेंटचं काम आटपलं ना, तेव्हापासून. या फरशीच्या फटीवर पाय ठेवून बघा. आता तुम्ही एकट्याच नाही काही."

थोरलीने पाय ठेवला नाही. वाकून पोरीला गोधडीसकट उचललं आणि बाहेरच्या दाराकडे चालू लागली. पोर रडली नाही.

"अहो, आत्ता तर आलात! कुठं निघालात?"

थोरली उंबऱ्यावर थांबली. गल्लीत वारा नव्हता. दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. दोन्ही बाजूंच्या घरांचे दारावरचे पडदे मात्र बाहेर फुगलेले होते. एखाददुसरा नाही, गल्ली संपेपर्यंत सगळे. मग ते सगळे एकदमच सैल पडले, आणि खांद्यावरची पोर हलायची थांबली.

थोरली पडद्यांकडे बघत, ते पुन्हा फुगायची वाट पाहू लागली.