दोनशे शब्दांची यादी

माझा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहितो. हौस म्हणून. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारत नाही. इतक्या वर्षांत त्याने पूर्ण केलेला एकही प्रोग्रॅम मी पाहिलेला नाही. अर्धवट राहिलेल्यांची यादी मात्र त्याच्याकडे नेहमी टापटीप असते.

डॉक्टरांनी बाबांचा घसा तपासला आणि सहा आठवड्यांनी ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं, तेव्हा भाऊ पहिल्यांदाच कामाला येणार असं मला वाटलं. कल्पना त्याचीच होती. बाबांच्या आवाजात दोनशे शब्द आधीच रेकॉर्ड करून ठेवायचे आणि टॅबलेटवर बटणं करायची. बटण दाबलं की बाबांचाच आवाज: पाणी, दुखतंय, पंखा बंद कर. बाबांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. त्यांचं "क्लच! अहो, क्लच!" चौकापलीकडे ऐकू जायचं. माणूस आवाजावरच जगला होता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसून शब्द काढले.

"'गाढवा' घाल," बाबा म्हणाले. "त्याच्याशिवाय मी याच्याशी बोलणार कसा?"

तिघंही हसलो. मी वही आणायला उठले, तर भाऊ म्हणाला, "वही कशाला? साधी फाइल पुरते. एका ओळीत एक शब्द, पुढे चौकोन. रेकॉर्ड झाला की टिक. एकट्याने काम करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही."

ते खरंच छान होतं. तिथेच थांबला असता तर आज मी त्याचे पाय धरले असते.

दुसऱ्या आठवड्यात यादीला रंग आले. मग गट आले. मग प्रत्येक शब्दाची पाच कामं झाली: रेकॉर्ड करणे, खरखर काढणे, कापणे, नाव देणे, बटण जोडणे. दोनशेचे हजार झाले. हजार ओळी त्या साध्या फाइलमध्ये नीट दिसेनात, म्हणून हा यादी ठेवायचा स्वतःचाच प्रोग्रॅम लिहायला बसला. आणि त्या प्रोग्रॅमच्या कामांची आणखी एक यादी.

"ताई, 'गाढवा' कुठल्या गटात टाकू? रागाच्या की प्रेमाच्या?" मी कणीक मळत असताना त्याने हे अगदी गंभीरपणे विचारलं. मी हात जोडले, पिठाचेच.

रोज संध्याकाळी बाबा कोमट पाणी पिऊन, घसा मोकळा करून त्याच्या खोलीत जाऊन बसायचे. समोर माइक. दाढी करून बसायचे, जसं काही फोटो काढायचा आहे. अर्ध्या तासाने बाहेर यायचे आणि म्हणायचे, "उद्या म्हणतोय." त्या 'उद्या'मधला आवाज दर दिवशी थोडा अधिक घोगरा होत होता. ते मला ऐकू येत होतं.

"अरे, एक तरी शब्द घे," मी दारात उभी राहून ओरडले.

"मधेच घेतलं तर सगळं विस्कटतं. तुला यातलं नाही कळायचं."

मी दारातून मागे फिरले. खरंच मला त्यातलं कळत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी बाबांना श्वास घेता येईना. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ते माझा हात घट्ट धरून होते आणि तोंडातून नुसती शिट्टी वाजत होती. हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. पुढच्या आठवड्यात स्वरयंत्र काढलं. शेवटचा शब्द कोणता होता हे आम्हाला कुणालाच आठवत नाही. बहुतेक 'दार लाव' होता.

बाबांच्या यादीत हजारातलं एकही काम झालेलं नव्हतं. यादीच्या प्रोग्रॅमच्या यादीत मात्र एकशे त्रेचाळीस ओळी टिक झालेल्या होत्या. मी त्या मोजल्या. मला मोजायच्याच होत्या.

बाबा घरी आल्यावर भावाने बटणांचा प्रोग्रॅम लिहिला. जेवणानंतर बसला आणि चहाच्या वेळेला उठला. एवढंच काम होतं ते! एका दुपारचं! त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. पण त्याचे डोळे सुजलेले होते.

आवाज कॉम्प्युटरचा घातला होता. "कृपया मला पाणी द्या," असं कुणी परका, गुळगुळीत बोलणारा माणूस म्हणायचा. बाबांनी ते एकदा ऐकलं आणि टॅबलेट उशीखाली सरकवून दिला. मग भावाने सगळा कॉम्प्युटर पिंजून काढला. माइक चालतो का बघायला घेतलेलं अकरा सेकंदांचं एक रेकॉर्डिंग सापडलं. आम्ही तिघांनी मिळून ऐकलं.

"कधी सुरू करायचं रे?" बाबा विचारत होते. त्यानंतर भावाचा आवाज: "थांबा बाबा, आधी यादी नीट लागू दे."

त्याने स्वतःचं वाक्य कापून टाकलं आणि उरलेल्याचं बटण केलं.

बाबा आता तेवढंच बटण दाबतात. पाणी हवं असलं तरी तेच, डॉक्टर आले तरी तेच, फिरायला जायचं असलं तरी तेच. बाकीच्या बटणांकडे बघतही नाहीत. ते वाजलं की भाऊ उठून गॅलरीत जातो. मला त्याची दया येत नाही. यावी असंही वाटत नाही.

काल तो दुकानात होता. घरात बाबा आणि मी दोघंच. त्यांनी बटण दाबलं. मी पाणी दिलं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. उशी सारखी केली, तीही नको. पुन्हा दाबलं. ते माझ्याकडेच बघत होते.

कुठेतरी दुसरीकडे बघायचं म्हणून मी फोन हातात घेतला. मी बालवाडीत शिकवते. मुलं कविता म्हणतात, ती फोनवर रेकॉर्ड करून मी रोज त्यांच्या आईबापांना पाठवते. एक बोट लागतं त्याला. त्या पाच आठवड्यांत शाळेचा एकही दिवस खंड पडला नव्हता. दारात उभी राहून भावाच्या नावाने खडे फोडत होते, तेव्हाही तो फोन माझ्या हातात होता.