सुक्या टाकीतला मी

“गाडी बरी चलत हुती गो. ही घरात इली आणि बंद पडाक लागली. आता हेका पायगूण म्हणूचो नाय तर काय म्हणूचा?”

हे वाक्य गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याच्या अलीकडे, रस्त्याकडेला बंद पडलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर बोललं गेलं. बोलल्या यशोदाबाई. ते ऐकायचं होतं शेजारच्या हौसाबाईंनी. पण ऐकलं आणखी दोघांनी. एक त्यांची नवी सून नम्रता. ती दुकानातून पाण्याची बाटली घेऊन नेमकी खिडकीपाशी येऊन पोचली होती. दुसरा मी. मी त्या सीटच्या बरोबर खाली, टाकीत, तापून अर्धमेला होऊन पडलो होतो.

नम्रताने बाटली आत दिली. यशोदाबाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, “कितक्या ऊन पडलासा बाय! ये, बस सावळेक.” नम्रता बसली. माझ्या डोक्यावरच बसली म्हणा ना.

मी पंप बोलतोय. जो रस्त्याकडेला ऐटीत उभा असतो आणि ज्याच्यापुढे तुम्ही रांग लावता, तो मी नव्हे. मी गाडीच्या टाकीच्या पोटात बसतो आणि पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलतो. मला कोणी पाहिलेलं नसतं. चावी फिरवल्यावर मागच्या बाजूने जो बारीकसा ‘घुंऽऽ’ येतो, तेवढीच माझी ओळख. बहुतेकांना तो आवाज रेडिओतला वाटतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वळवाच्या पावसासारखी फटाफट आम्ही भावंडं एका पट्ट्यावरून बाहेर पडलो आणि निरनिराळ्या गाड्यांच्या पोटात गेलो. माझ्या वाट्याला ही पांढरी गाडी आली. आमच्या जातीचं एक वैशिष्ट्य आहे. जे पेट्रोल आम्ही ढकलतो, तेच आमचं अंघोळीचं पाणी. त्यात बुडून राहिलो की आम्ही थंड राहतो. ते आमच्या अंगातून वाहतं, म्हणून आमची हाडं झिजत नाहीत. टाकी भरलेली असेल तर मी म्हशीसारखा डुंबत काम करतो. टाकी सुकी असेल तर उन्हात बांधलेल्या म्हशीसारखा.

माझे पहिले मालक कुडाळचे एक निवृत्त मास्तर. ते गाडी थोडी चालवायचे, पुसायचे फार. काटा अर्ध्यावर आला की अस्वस्थ व्हायचे. त्यांच्याकडे मी सुखात होतो. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी भाईंना विकली.

भाई म्हणजे यशोदाबाईंचे यजमान. माणूस उमदा, हात सढळ. फक्त पेट्रोलच्या बाबतीत त्यांचं एक व्रत होतं: पेट्रोल भरायचं ते गोव्यातच, कारण तिथे ते स्वस्त. दर शुक्रवारी ते म्हापशाच्या बाजाराला आंबे, कोकमं, काय असेल ते घेऊन जायचे आणि येताना टाकी भरून आणायचे. मग आठवडाभर सगळं घर त्यावर. बुधवारी काटा लोळायचा, गुरुवारी पिवळा दिवा पेटायचा, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही टाकीच्या तळाला उरलेला गाळ चाखत सीमेकडे निघायचो. वाटेत कितीतरी पंप लागायचे. भाई त्यांच्याकडे असं बघायचे, जसं लग्नघरी निघालेला माणूस खानावळीकडे बघतो.

“भाई, लाइट पेटली,” गाडी चालवणारा सर्वेश म्हणायचा. सर्वेश म्हणजे त्यांचा मुलगा, नम्रताचा नवरा.

“पेटांदे. गाडी लाइटीर चलता काय पेट्रोलार?”

“पेट्रोल सोपला म्हणान तर ती पेटली.”

“सोपाक नाय, सोपत इला. बांदा गेला की गोंया. थंय सवाय. हंय भरूक आपणाक काय येड लागलासा?”

सर्वेश गिअर बदलायचा. बापाशी वाद घालणारा तो नव्हे. कुडाळच्या एमआयडीसीत तो अख्ख्या कारखान्याची यंत्रं दुरुस्त करायचा, पण घरचा हा बिघाड त्याच्या हाताबाहेरचा होता.

नम्रता शिरोड्याची. लग्नानंतर ती या घरात आली तेव्हापासून तिची जागा मागची सीट, मधोमध. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला कोणीतरी शेजारीण, मांडीवर आंब्यांची पिशवी. मधे बसणाऱ्याला पुढच्या दोन सीटांच्या फटीतून एकच गोष्ट नीट दिसते, पेट्रोलचा काटा. ती बोलायची नाही, पण बघायची. तिची नजर काट्यावर गेली की ती पाय किंचित मागे घ्यायची, जणू खाली कोणीतरी आहे आणि त्याला लागेल. मला ती त्यासाठी आवडली.

माझी शक्ती उतरत चालली होती ती तिच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून. पण पार बसलो तो नेमका तिच्या वेळी. देवदर्शनाला निघाले तेव्हा चढावर मी दम टाकला. तिला माहेरी पोचवायला निघाले तेव्हा वेंगुर्ल्याच्या आधी. आणि आता हा बांद्याचा शुक्रवार. तिन्ही वेळा ती गाडीत होती. तिन्ही वेळा पिवळा दिवाही पेटलेला होता, पण दिव्याचा पायगूण कोण बघतो?

पायगूण हा शब्द काजूच्या चिकासारखा. एकदा अंगाला लागला की धुऊन निघत नाही, वर कातडी सोलते. उद्या म्हैस आटली, कलम मोहरलं नाही, की बोट तिच्याकडेच. नम्रताला हे कळत होतं. त्या दिवशी टेम्पोला बांधून गाडी घरी आणली, तेव्हा ती सगळी वाट माझ्या डोक्यावरच बसून होती. तिच्या टाचा सीटच्या कडेला घट्ट रोवलेल्या होत्या.

पंप गेलाय, आठ दिवसांनी गाडी आणा, असं कुडाळच्या गॅरेजवाल्याने सांगितलं. सर्वेश म्हणाला, “मीच घालतंय. पंप बदलूचो म्हणजे काय डोंगर उलटूचो नाय. पण माजा आयकूक व्हया सगळ्यांनी.”

रविवारी सकाळी गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात घेतली. सर्वेशने ती पडवीच्या आडोशाला लावू दिली नाही. “उघड्यार व्हयी. वाफ उडान जाऊक व्हयी,” तो म्हणाला. आधीच त्याने माझा फ्यूज काढून इंजिन फिरवून घेतलं होतं. नळीत उरलेलं पेट्रोल इंजिनाने पिऊन टाकलं. “नळयेत दाब ऱ्हवलो तर सोडताना फवारो उडता, थेट तोंडार,” त्याने नम्रताला सांगितलं. मग बॅटरीची तार सोडली. सगळ्यांचे मोबाइल घरात ठेवायला लावले. चुलीतली लाकडं यशोदाबाईंकडून विझवून घेतली, त्याबद्दल त्या अजून बोलतायत. नम्रताने सुती जुना ड्रेस घातला होता, नायलॉनची ओढणी घरात ठेवून. तिच्या हाताशी कारखान्यातून आणलेलं आग विझवायचं लाल नळकांडं आणि कोरड्या वाळूची बादली. तिला काम एवढंच होतं, लक्ष ठेवायचं. ते तिला जन्मतः येत होतं.

एवढ्यात भाई आले. कानावरची बिडी ओठात गेली होती आणि हात काड्यांच्या पेटीकडे निघाला होता.

“भाई, बिडी!”

“अरे, टाकी सुकी आसा मां? सुक्यात कसला पेटता?”

“सुकी टाकी जास्त वायट, भाई. पेट्रोल नाय पेटणा, तेची वाफ पेटता. भरलेल्या टाकयेत वाफेक जागा कमी. सुक्या टाकयेत वाफच वाफ.”

भाईंनी बिडी परत कानावर ठेवली. सुक्या टाकीबद्दल काही वाईट ऐकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

मागची सीट उचलली. झाकणावरची धूळ सर्वेशने आधी ब्रशने झाडली, मग ओल्या फडक्याने पुसली, कारण उघडल्यावर ती सगळी टाकीत पडली असती. मग त्याने गाडीच्या उघड्या पत्र्याला हात टेकवला. नम्रताने भुवया उंचावल्या. “अंगात करंट साठलेलो ऱ्हवता. ठिणगी उडाची तर हंय उडांदे, टाकयेर नको,” तो म्हणाला. नळीभोवती फडकं धरून ती सोडवली. उरलंसुरलं पेट्रोल फडक्यात जिरलं. मला धरणारं मोठं कडं, ठिणगी नको म्हणून, लोखंडी हातोडीने न ठोकता लाकडाच्या ठोकळ्याने फिरवलं. आणि मला तिरपा करून, हळूच, बाहेर काढलं.

टाकीत गेल्यापासून पहिल्यांदा मी उजेड पाहिला. माड पाहिले. ज्यांचे आवाज वर्षानुवर्षं ऐकले, त्यांची तोंडं पाहिली. यशोदाबाई आवाजावरून वाटतात त्याहून फार प्रेमळ दिसतात. भाई छोटेसे आहेत. आणि नम्रताचे डोळे, जे मला कधीच दिसले नव्हते, ते माझ्यावरच होते.

सर्वेशने मला गोणपाटावर ठेवलं, उलटसुलट केलं. माझ्या तारांची टोकं तपकिरी झाली होती. तळाची जाळी गाळाने काळी ठिक्कर. “जळलो,” तो म्हणाला. “सुकोच फिरत ऱ्हवलो बिचारो. पेट्रोलात बुडान ऱ्हवलो असतो तर आजून चललो असतो.”

हे त्याने मोठ्याने म्हटलं. खळ्यातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. भाईंना नेमका तेव्हाच माडावरचा एखादा नारळ तयार झालाय का बघावासा वाटला. यशोदाबाईंनी ऐकलं, पण कानावरून जाऊ दिलं. शब्द एकदा तोंडातून निघाला की तो परत घ्यायला माणसाला नुसतं कारण पुरत नाही, वाट हवी असते. ती वाट त्यांना दिसत नव्हती.

नवा पंप बसला. तरतरीत पोरगा, अंगावर अजून कारखान्याचा वास. जुनं रबरी कडं पुन्हा न वापरता नवंच घातलं. झाकण, नळी, तारा. सर्वेश बॅटरी जोडायला वळला, तोच भाई म्हणाले, “रे थांब. चावी फिरवचे आधी गाऱ्हाणां घालूया.”

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय विहीर खणत नाहीत, होडी पाण्यात ढकलत नाहीत, मग गाडी कशी चालू होईल? घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून जे मनात आहे ते बोलतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. एकदा ‘होय’ म्हटलं की ते देवाच्या दारी नोंदलं गेलं. मग माणसाने नाही म्हणून उपयोग नाही.

यशोदाबाई ताट घेऊन आल्या. नारळ, फुलं, पेटलेली अगरबत्ती आणि कापराची वडी. गाडीकडे चार पावलं उरली असताना नम्रता मधे आली. काही न बोलता तिने ताटातली अगरबत्ती उचलली आणि घराला वळसा घालून मागीलदारी नेऊन खोवली. कापूर मुठीत घेऊन परत आली.

“अगरबत्ती नाय तर गाऱ्हाणां कसा?” भाई म्हणाले.

“मागीलदारसून पोचता तो वास देवाक,” सर्वेश म्हणाला. “हयसून आपणच पोचलो असतो.”

हौसाबाई खुदकन हसल्या. सगळे गाडीभोवती उभे राहिले. यशोदाबाई भाईंच्या कानाशी लागल्या. “तां पण घाला त्यात.”

“काय तां?”

“पायगुणाचा. काय आसात तर निस्तरून जाऊंदे एकदाचा.”

मी गोणपाटावर होतो, त्यांच्या पायांपाशी. मला ऐकू आलं. नम्रतालाही आलं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्या सासूच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिला खरोखरच ते निस्तरायचं होतं. पण देवापुढे उच्चारलं आणि सगळ्यांनी होय म्हटलं, की ते निस्तरत नाही, ठरतं.

माझं म्हणाल तर माझं काही मागणं नाही. आता भंगारवाला येईल, माझ्यातलं तांबं काढून घेईल. मला वाईट वाटतं ते एवढंच की बोलता येत नाही. यंत्राचं म्हणणं माणसाला कळायला माणूसच लागतं. तुमच्या गाडीत माझं कोणी भावंड असेल तर ते बुडेल एवढं पेट्रोल ठेवा, मी एवढंच म्हणून रजा घेतो.

भाईंनी नारळ दोन्ही हातांत धरला. “बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज ह्या गाडयेक नवो पंप घातलेलो आसा, तो तू गोड मानून घे!”

“होय म्हाराजा!”

“लेकरान हातान काम केल्यान, तेका यश दी!”

“होय म्हाराजा!”

“आणि बा म्हाराजा, घरात नवीन माणूस इला, तेच्या पायान जर काय...”

इथे ते अडखळले. हौसाबाईंचा ‘होय’ ओठांवर येऊन थांबला. सर्वेशने मान वर केली. त्याच्या तोंडून काही निघण्याआधीच नम्रता एक पाऊल पुढे आली. गाऱ्हाणं मधे कोणी तोडत नाही, पण पुढे नेता येतं. तिने हात जोडले, डोळे देवाच्या दिशेने ठेवले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“बा देवा म्हाराजा! माज्या पायान काय झाला नाय. गोंयाच्या पेट्रोलाच्या नादान आमी ह्या पंपाक सुको ठेवन जाळलव, ती चूक सगळ्या घराची, ती पदरात घे. ह्याच्यापुढे काटो पाव टाकयेच्या खाली इलो की भाईंनी गाडी दिसात त्या पयल्या पंपार थांबवूची, मगे तो गोंयात आसांदे नायतर कुडाळात. आणि ह्या गाऱ्हाण्याक जो होय म्हणाचो नाय, तेनी पुढच्या खेपेक गाडी ढकलूची. आये, तुमी पयल्या म्हणा, होय म्हाराजा!”