ओळंबा थांबेपर्यंत

मित्रांनो, मला ओळंबा म्हणतात आणि आता मी बराच जुना झालो आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून आधीच सांगतो. मी पितळेचा, खाली निमुळता, मुठीत मावेल एवढा. माझ्या डोक्यातून दोरी निघते आणि त्या दोरीत माझ्याच रुंदीचा एक लाकडी ठोकळा ओवलेला असतो. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. मी भिंतीला अलगद टेकून थांबलो, तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली, तर भिंत वरून पुढे झुकलेली. लोकांना वाटते, ओळंबा म्हणजे शांत स्वभावाचा. साफ खोटे! सोडल्याबरोबर मी पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे नुसता भिरभिरतो. थांबेपर्यंत मला स्वतःलाही काही कळत नाही. माझा तर जन्मच टांगणीला लागलेला.

एका छोट्या कारखान्यात, लेथवर मी घडलो. तिथून एका तरुण गवंड्याने मला विकत घेतले; तेच माझे मालक, आणि तीस वर्षे मी त्यांच्या पिशवीत राहिलो. आम्ही शाळा बांधली, दवाखाना बांधला, कितीतरी घरे उभी केली. मालकांची एक सवय होती. मला सोडले की ते बोलत नसत, हाताखालच्या माणसांनाही गप्प करत. "आधी तो थांबू दे, मग आपण बोलू," म्हणत. इंजिनिअर त्यांच्या भिंतीवरून हात फिरवून मान डोलवायचे, तेव्हा मलाही अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटायचे.

मग लाल प्रकाशाची रेघ मारणारे यंत्र आले. मालकांचे गुडघे गेले, काम सुटले आणि माझी रवानगी गंजक्या खिळ्यांच्या डब्यात झाली. सात वर्षे! ज्याला लटकण्याशिवाय दुसरे काही येत नाही, त्याने आडवे पडून काय करायचे? डब्याला कोणाचा धक्का लागला की मी कान टवकारायचो. पण दरवेळी कोणाला तरी खिळाच हवा असायचा.

एके दिवशी मात्र झाकण उघडले आणि मालकांनी मलाच उचलले. समोर त्यांची भाची उभी होती. वय वर्षे चोवीस. मामा तिला तुडतुडी म्हणतात, कारण ती एका जागी बसून कधी धड जेवलीसुद्धा नाही. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांना सांगते, "हात हलवू नका, एकच मिनिट," आणि तिच्या स्वतःच्या पायाला भिंगरी! मोबाइलवर घर-गुंतवणुकीचे व्हिडिओ पाहून तिच्या डोक्यात भुंगा शिरला होता. एक छोटे घर घ्यायचे, भाड्याने द्यायचे, त्या भाड्यावर दुसरे घ्यायचे. पाच वर्षांची बचत होती, उरलेले बँक देणार होती. आठवडाभरात तिने सात घरे पाहिली होती.

"रंगाला भुलू नकोस," मामा म्हणाले. "याला भिंतीला लाव. बोटभर जरी फट दिसली तरी बाहेर पड. आणि हा थांबेपर्यंत थांब."

"अरे मामा, आता कोण असं बघतं?" ती हसली. पण त्यांचे मन मोडवेना, म्हणून मी तिच्या पर्समध्ये गेलो.

मित्रांनो, त्या पर्समध्ये मला पुन्हा जगात आल्यासारखे वाटले. पण आम्ही दोघांनी मिळून पाहिलेल्या पहिल्या तीन घरांत तिने मला बाहेरच काढले नाही. दलालासमोर तिला लाज वाटत होती.

चौथे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, मोठी खिडकी, नव्या रंगाचा वास. रंगाऱ्याचे डाग पडलेले स्टूल अजून तिथेच होते. ती दारातच हरखली. दलाल म्हणाला, "ताई, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. भाडेकरूसुद्धा तयार आहे माझ्याकडे. मग मला काही म्हणू नका." तिने घाईघाईने स्टुलावर चढून मला मागच्या भिंतीला सोडले. पंखा गरागरा फिरत होता. मी त्या वाऱ्यात झोके घेत भिंतीवर आपटू लागलो. टक्, टक्. "टेकतोय की! सरळ आहे," ती म्हणाली आणि मला गुंडाळले. अगं, मी टेकत नव्हतो, आपटत होतो! पण मला वाचा कुठे? तिथेच उभ्या उभ्या तिने घर अडकवून ठेवायला इसार दिला. तिच्या बचतीतला तो मोठा घास होता. करारात लिहिले होते, माघार घेतली तर इसार बुडाला.

खरेदीच्या सहीला पाच दिवस होते. त्यातले चार दिवस मी पर्सच्या तळाशी तळमळत काढले. तीही रात्री झोपत नव्हती, पण आनंदाने.

सहीच्या आदल्या दिवशी दलालाने भाडेकरूला घर दाखवायला बोलावले आणि तुडतुडीलाही. एक तरुण बाई आली, कडेवर चार महिन्यांचे बाळ. तिने खोली पाहिली आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. "याचा पलंग इथे लावू. सकाळचं ऊन येईल," ती म्हणाली. मग वर बघत विचारले, "पंखा जरा बंद करू का? याला शिंका येतात."

पंखा थांबला.

"भिंतपण एकदम सरळ आहे हं," तुडतुडी कौतुकाने म्हणाली. "थांबा, दाखवते. माझे मामा गवंडी आहेत." ती स्टुलावर चढली आणि तिने मला सोडले. पाहुणी बघत होती म्हणून असेल, पण आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्यासाठी गप्प उभी राहिली. माझे झोके लहान होत गेले. मी थांबलो. माझ्यात आणि भिंतीत चांगली दोन बोटांची फट होती. भिंत खोलीकडे झुकलेली होती, आणि ताज्या रंगाखाली, वरच्या कोपऱ्यात, नव्याने लिंपलेली लांब भेग आता तिलाही दिसली.

तिचा चेहरा उतरला. दलालाने तिला दारापाशी नेले आणि हळूच म्हणाला, "जुनी इमारत आहे, एवढं चालतं. किंमत थोडी खाली आणून देतो. आणि ताई, तुम्हाला कुठे राहायचंय? भाड्यानेच तर द्यायचंय!"

मी तिच्या मुठीत होतो. पाच वर्षांची बचत, मैत्रिणींना सांगून झालेले, आईचा आनंद, सगळे एका बाजूला. मला भीती वाटली, खोटे कशाला सांगू? तिने वळून पाहिले. ती बाई बाळाला घेऊन त्याच भिंतीला पाठ टेकून बसली होती.

"ताई, तिथून उठा," तुडतुडी म्हणाली. "मी हे घर घेत नाही. तुम्हीही घेऊ नका."

दलालाने आदळआपट केली. इसार बुडाला तो बुडालाच. जिन्यात बसून ती हमसाहमशी रडली, आणि माझी दोरी तिच्या बोटांभोवती घट्ट गुंडाळलेली होती.

घरी मामांनी फक्त एवढेच विचारले, "थांबला होता का तो?"

"हो," ती म्हणाली. "पण मी चार दिवस उशिरा थांबले, मामा."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला फडक्याने घासून पुसून लख्ख केले आणि परत तिच्याच पर्समध्ये ठेवले.

अजून तिचे घर झालेले नाही. बचत पुन्हा सुरू आहे, तुडतुड तीच आहे आणि उद्या सकाळी दहाला आम्ही आणखी एक घर बघायला जाणार आहोत. मला आतापासूनच चैन पडत नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, घरे घ्याल, कोणाला तरी त्यात राहायला द्याल. मला डब्यात टाकू नका, हे मागणे तर आहेच. पण त्याहून मोठे मागणे एक आहे. जिथे दुसऱ्याचे बाळ झोपणार आहे, त्या भिंतीपाशी आधी पंखा बंद करा, आणि मी थांबेपर्यंत माझ्याजवळ उभे राहा.