सासूबाईंचं प्रशिक्षण

मटाराला माझ्या प्रशिक्षणाशी काही देणंघेणं नव्हतं. शेंग भरली की तोडायची. दोन दिवस थांबलं तर दाणा कडक होतो आणि गाडीवाला पोत्याला हात लावत नाही. प्रशिक्षणालाही मटाराशी देणंघेणं नव्हतं. शिक्षकांसाठी बारा भाग, तीस तास, सगळं फोनवर, महिना संपायच्या आत. नाही झालं तर शाळेच्या यादीत माझ्यापुढं लाल खूण.

त्यात एक मेख होती. दर दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबायचा आणि विचारायचा, ‘आपण पाहत आहात का?’ हिरवं बटण दाबलं तरच पुढं.

सासूबाई ओट्यावर शेंगा निवडत बसायच्या. मी फोन डब्याला टेकवून त्यांच्यापुढं ठेवला.

“हिरवं आलं की दाबा.”

“दाबते. पण त्या बाईला जरा मोठ्यानं बोलायला सांग. जेवली नाही का ती?”

मी आवाज वाढवला आणि शेतात गेले. असं बारा दिवस चाललं.

भाग संपला की दहा प्रश्न यायचे. उत्तरं शिक्षकांच्या ग्रुपवर आधीच पडलेली असायची. हेडसरांनी तेवढं बजावलं होतं, “एखादं चुकवत जा बरं का बाई. सगळ्यांना दहापैकी दहा म्हणजे डोळ्यांवर येतं.” मी दर वेळी पाचवं चुकवत गेले. मुलांना विज्ञान शिकवते मी. निरीक्षण केल्याशिवाय वहीत नोंद करायची नाही, हे वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगते.

सर्टिफिकेट आलं. मटारही गेला.

आता त्या पोरीचं. पाचवीत होती, कोबीवाल्याची थोरली. आमच्या बांधाला बांध लागून त्यांचं शेत. वर्गात डावीकडच्या भिंतीला टेकून बसायची. हाक मारली तर ढिम्म. प्रश्न विचारला तर शेजारणीच्या तोंडाकडं बघायची. पालकसभेत मी तिच्या बापाला सरळ सांगितलं, “डोकं आहे हो, पण लक्ष देत नाही. मुद्दाम करते. अशीला पुढच्या वर्गात ढकलून उपयोग काय?”

“मग काय करू, बाई?”

“ते तुम्ही बघा.”

त्यानं बघितलं. दोन गावं पलीकडं त्याच्या बहिणीची पोल्ट्री आहे, तिथं हाताखाली माणूस हवंच होतं. कोबीचा टेम्पो जाईल त्यातच पोरीला धाडायचं ठरलं.

त्या दुपारी ती शाळेची पुस्तकं परत द्यायला घरी आली. मी पुस्तकं मोजत होते. तिच्या उजव्या बाजूला बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, “कधी निघणार गं?” ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. मग सासूबाईंनी दाराकडं हात केला, तशी तिनं मान वळवून डावा गाल पुढं केला. “काय म्हणालात आजी?”

ती गेली. सासूबाई म्हणाल्या, “हिला उजव्या कानानं ऐकू येत नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

“अगं, तुझ्या फोनातली बाई सांगत होती की! सहाव्या भागात. पोर एकच कान पुढं करतं, शेजारच्याचं तोंड बघतं, हाकेला ओ देत नाही, आणि मास्तर म्हणतात हट्टी आहे. त्या दिवशी मी दोनदा हिरवं दाबलं, इतकी गुंगले होते.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “तुला ठाऊकच असेल की. तूच शिकलीस ना?”

मी चपला घालून त्यांच्या शेताकडं धावले. एक घातली, दुसरी हातात होती, असं नंतर लक्षात आलं.

टेम्पोत कोबी रचून होत आला होता. पोरीची पिशवी ड्रायव्हरच्या शेजारी ठेवलेली. मी धापा टाकत सांगितलं तसा बाप हसला.

“काहीतरीच काय! घरात तर सगळं ऐकते. तिच्या आईशी मी कुजबुजलो तरी ऐकते.”

“घर लहान आहे आणि एक कान चांगला आहे. मी डॉक्टर नाही, तपासून घ्यावंच लागेल. पण तुम्ही मागं उभे राहा आणि साध्या आवाजात आकडे बोला. तिला ते परत म्हणू द्या.”

मी खुणावलं तसा पोरीनं उजवा कान बोटानं गच्च दाबला. बाप म्हणाला, “सात.” ती म्हणाली, “सात.” “चौदा.” “चौदा.”

मग डावा दाबला. “नऊ,” बाप म्हणाला. ती कोबीकडं बघत उभी. “बावीस.” काही नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्या पाठीकडं बघून त्याच आवाजात म्हणाला, “पायाशी साप आहे बघ.”

तिनं पाय हलवला नाही.

बाप बांधावर बसला. हाताला लागलेली माती चोळत म्हणाला, “परवा हाक मारली तर आली नाही म्हणून दोन ठेवून दिल्या मी हिला.” मग त्यानं वर पाहिलं. “तुम्हाला हे कधी कळलं, बाई?”

“आज. सासूबाईंनी सांगितलं.”

“त्या कुठं शिकल्या?”

मला हेडसरांचं नाव घेता आलं असतं. मटाराचं तर घेता आलंच असतं.

“मला शिकवत होते,” मी म्हटलं. “मी पाहिलं नाही. फोन त्यांच्यापुढं ठेवून शेंगा तोडत होते. आणि ही मुद्दाम करते म्हणून तुम्हाला मीच सांगितलं.”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाप उठला, पुढचं दार उघडलं, पिशवी काढली आणि बांधावर ठेवली. टेम्पो गेला. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोरगी कानातलं बोट तसंच ठेवून उभी होती. कोणीच तिला ‘झालं’ म्हणून सांगितलं नव्हतं. मी तिचा हात खाली घेतला, डाव्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “माझं चुकलं गं.” पलीकडच्या शेतातल्या दोन बायका खुरपी थांबवून बघायला लागल्या.

पोरगी दचकून मागं सरली. कान चोळत म्हणाली, “हळू बोला ना बाई. ह्या कानानं येतं ऐकू.”

मी पुन्हा सांगितलं.