माहेरचं नाव

कार्तिकातली दुपार खाडीवर उतरली होती. सोनपिवळी, मंदगामिनी. भरतीचं पाणी कांदळवनाच्या मुळांत अलगद शिरत होतं; निळं आभाळ त्यात विरघळत होतं, विरघळता विरघळता हिरवं होत होतं.

खिडकीशी शाल्मली बसली होती. हे नाव तिनंच स्वतःला दिलेलं. घराला ते ठाऊक नव्हतं. घराला श्रीनिवास ठाऊक होता. अबोल, अधोमुख, कॉलेज संपवून घरी परतलेला मुलगा.

पण संगणकाच्या पडद्याआड एक नगर होतं, प्रकाशानं बांधलेलं. तिथे जो तो आपली आकृती आपण घडवी. तिथे ती शाल्मली होती. मोरपंखी साडीची, दीर्घवेणीची, ताठ मानेची. तिथेही एखादा पुरुष वाट अडवी, 'खरी बाई कशावरून?' म्हणून पुरावा मागे. मग मैत्रिणी तिच्याभोवती गोळा होत आणि तो निघून जाई.

या घरात मात्र तिला एकटीनंच उभं राहायचं होतं.

आज आई चहा घेऊन आली, तेव्हा शाल्मलीनं पडदा मिटला नाही.

"ही कोण रे?"

"मी, आई." ती आईकडे वळली. "आतून मी अशीच आहे. पहिल्यापासून. शाल्मली."

चहावरची वाफ विरली. चहावर साय धरली. आईच्या मुखावरून भयाची एक सावली सरकत गेली, भातखाचरांवरून ढगाची सरकावी तशी, सावकाश, निःशब्द.

"नाव तूच ठेवलंस?"

"हो."

"मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं," आई म्हणाली. "लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलं, इंदुमती. झालं. त्याआधी मी सुरंगी होते."

सुरंगी. या घरात कधीच न उच्चारलेलं ते नाव. केशरगंधी, कोवळं, अस्पर्श.

आई शेजारी टेकली. "लोकांचं भय वाटतं गं मला."

गं. इवलासा, एकाक्षरी. कधी निसटला, आईचं आईलाही कळलं नाही. शाल्मलीचे डोळे मात्र काठोकाठ भरून आले.

मग आईनं पडद्याकडे बोट केलं. "तिथे मला येता येईल? सुरंगी म्हणून?"

शाल्मलीनं एकेक अक्षर उमटवलं. प्रकाशातून एक स्त्री साकारली. अनवाणी, अनलंकृत, किंचित बावरलेली.

आईनं कळ दाबली. सुरंगीनं एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. समोर वाट नव्हती. नुसतं ऊन होतं, शुभ्र, निवांत, कुणाच्याच नावाचं नसलेलं.