निलोफर मॅडमचे दोन शब्द

भाषण करणाऱ्याच्या हातातला कागद थरथरतो, तो फक्त हातामुळे नाही. हात अगदी थोडा कापतो, जवळ उभ्या असलेल्यालाही दिसेल न दिसेल इतका. पण पूर्ण लांबीचा कागद एका टोकाला धरला की ती थरथर दुसऱ्या टोकाकडे जाताना वाढत जाते आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसते. तोच कागद दोनदा दुमडला, तर हात तितकाच कापत असूनही कागद गप्प राहतो. निलोफर पिंजारीने हे वर्गात फळ्यावर आकृती काढून समजावलं आणि मुलांनी आकृती वहीत उतरवून घेतली. संवादकौशल्याच्या तासाला आकृत्या काढणारी धुळ्यातली ती बहुधा पहिलीच बाई असावी.

विषयाचं पूर्ण नाव होतं 'व्यावसायिक संवाद व सादरीकरण कौशल्य'. निलोफर मूळची वनस्पतिशास्त्राची. हा विषय तिच्या गळ्यात कसा पडला, हे ती कुणाला सांगत नसे, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली होती नोकरी सोडते म्हणून सांगायला, आणि बाहेर आली ती हा विषय घेऊन.

जळगावजवळ केळीची ऊतिसंवर्धित रोपं तयार करणारी एक प्रयोगशाळा होती. दिवाळीनंतर तिथे निलोफरची निवड झाली. हे वर्ष संपवून या, पण नक्की काय ते कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं. काचेच्या बरण्यांत वाढणारी रोपं, पांढरे दिवे, आणि दिवसभर कुणाशी बोलायची गरज नाही. जन्नत कशी असेल असं कुणी विचारलं असतं, तर निलोफरने साधारण असंच काही वर्णन केलं असतं. शिवाय घरही जळगावलाच.

खरं तर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला राजीनामासुद्धा द्यावा लागत नाही. 'पुढच्या वर्षी येत नाही' एवढं म्हटलं की संपलं. निलोफरचं घोडं एवढ्यावरच अडलं होतं.

अडवणारे होते प्राचार्य भाईदास बोरसे. सगळं कॉलेज त्यांना आबा म्हणे. आबा खडूस असते तर ती केव्हाच बोलली असती. पण ते भले होते, आणि भल्या माणसापुढे निलोफरच्या तोंडाला कुलूप लागे.

"या ताई, बसा. चहा सांगतो," ते पहिल्यांदा म्हणाले होते.

"आबा, मला जरा बोलायचं होतं."

"बोला ना! तुमच्यासारखी माणसं बोलत नाहीत, हेच तर आमचं दुखणं. तुम्ही आहात म्हणून तो विभाग उभा आहे. बरं, यावलच्या जंगलातली सहल कोण बघतंय?"

सहल निलोफरने पाहिली.

दुसऱ्या खेपेला इंग्रजीचे सर दीर्घ रजेवर गेले होते, आणि त्यांचा हा विषय आबांनी तिच्यापुढे सरकवला. "मला बोलणं जमत नाही, आबा," हे मात्र तिने निकराने सांगितलं.

"अहो, म्हणूनच! ज्याला पोहता येतं तो दुसऱ्याला सरळ विहिरीत ढकलतो. ज्याला येत नाही, तोच काठावर उभा राहून नीट समजावतो."

याला काहीतरी सणसणीत उत्तर होतं. ते तिला बसस्टँडवर पोचल्यावर सुचलं.

तर अशी ही बाई तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बोलायला शिकवू लागली. पहिला स्वाध्याय साधा होता: तीन मिनिटांत एक वस्तू विका. पियुषच्या वडिलांचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं, म्हणून तो नळी घेऊन उभा राहिला.

"सन्माननीय व्यासपीठ, आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो..."

व्यासपीठ नव्हतं, अध्यक्ष नव्हते. खडू घेऊन आलेल्या कमलबाई शिपाई दारात होत्या, तर त्याने त्यांचंही स्वागत केलं. मग थोरांना वंदन झालं. नळीपर्यंत येईतो वेळ संपला. मागून आलेल्या प्रत्येकाने हेच केलं. शाळेपासून सगळ्यांच्या जिभेला तेच वळण होतं.

निलोफरने फळ्यावर लिहिलं: पहिल्या वाक्यात मुद्दा.

"गिऱ्हाईक उठून जायच्या आत," ती म्हणाली. वाक्य तिला आवडलं. ते तिने पुस्तकातून घेतलं नव्हतं, स्वतःच्या अधोगतीवरून काढलं होतं.

मुलं सुधारली. फेब्रुवारी संपेपर्यंत वर्गात इतका धीटपणा आला की त्याची झळ तिलाच बसली. 'वरिष्ठांना अवघड गोष्ट सांगणे' हा धडा चालू असताना सोनगीरची प्रज्ञा उठून म्हणाली, "मॅडम, एकदा तुम्ही करून दाखवा ना."

"हो मॅडम! नोकरी सोडायची आहे असं समजा," पियुष म्हणाला. "मी साहेब होतो."

नाही म्हणणं हा निलोफरचा प्रांतच नव्हता. पियुषने काल्पनिक चष्मा कपाळावर चढवला, खुर्ची तिरकी केली आणि साक्षात आबा झाला.

"या ताई, बसा. चहा सांगतो."

वर्गात हशा पिकला. निलोफर बसली. बसायला नको होतं.

"सर, सर्वप्रथम मी आपली फार ऋणी आहे. आपण मला संधी दिली, आणि सर्व सहकाऱ्यांनीही..."

"वा! ऋणी आहात, तर क्रीडास्पर्धेचं निवेदन तुम्हीच करा."

"करते," निलोफर म्हणाली.

ते 'करते' तिने म्हटलं नव्हतं, ते आपोआप पडलं होतं, पिकलेलं फळ पडावं तसं. वर्ग बाकं वाजवू लागला.

"मॅडम, मुद्दा आलाच नाही," प्रज्ञा म्हणाली. "मला तर वाटलं तुम्ही कामच मागायला आल्या."

"मी सोडायला तयार होतो, मॅडम," पियुष म्हणाला. "तुम्हीच थांबल्या."

"जे शे ते सांगी टाका ना, मॅडम!" मागून कुणीतरी अहिराणीत ओरडलं.

मग तिनेच तयार केलेल्या निकषांवर मुलांनी तिला गुण दिले. दहापैकी तीन, त्यातले दोन टापटिपीचे. पेपर तपासताना ती इतकी उदार कधी झाली नव्हती.

मार्चअखेर प्रयोगशाळेतून फोन आला. "मॅडम, शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगा. सोमवारी मी दुसऱ्यांना कळवतो." त्यापाठोपाठ घरून हसीनाबीचा आला.

"बोली क्या?"

"नहीं, अम्मी."

"तो फिर बच्चों को क्या सिखाती है तू?"

शनिवारीच अभ्यासक्रमाचा समारोप होता. निलोफर सकाळी लवकर केबिनकडे गेली, तर आबा सभागृहात स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने फलक सरळ करत होते. "ताई, डावीकडे झुकतोय का हो?" त्यांनी विचारलं. तिने "थोडा वर" म्हटलं, आणि तोही मुहूर्त टळला.

कार्यक्रम झकास झाला. पियुषचं पहिलं वाक्य होतं, "काका, तुमच्या शेतातलं निम्मं पाणी तुम्ही बांधाला पाजता." प्रज्ञाने गावाकडचा तांब्याचा हंडा हातात घेतला आणि अशी बोलली की दुसऱ्या रांगेतल्या पालकबाईंनी खरोखरच भाव विचारला. निलोफर कोपऱ्यात बसून पाहत होती. ही आपण शिकवलेली मुलं आहेत यावर तिचा विश्वास बसत नव्हता. डॉक्टर स्वतः आजारी असला तरी रोगी बरे होतात, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग आबा उठले. त्यांचं वंदन, स्मरण आणि स्वागत इतकं लांबलं की मुलं एकमेकांना कोपरं मारू लागली. शेवटी मुद्दा आला.

"पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रम तिन्ही शाखांना लागू करतोय. आणि प्रमुख कोण? आपल्या निलोफरताई! त्यांना मी विचारलेलंसुद्धा नाही. विचारायचं काय? त्या कुठं जाणार आहेत, घरचंच माणूस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांनी ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला. "ताई, दोन शब्द."

निलोफर उभी राहिली. आता 'धन्यवाद' म्हटलं की या टाळ्याच होकार ठरणार होत्या, आणि सोमवारी जळगावच्या त्या बरण्यांपुढे दुसरं कुणी बसणार होतं. आबांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. त्यांच्याकडे पाहत तिने सांगून टाकलं.

काहीच झालं नाही. आबा मान डोलावत टाळ्या वाजवत राहिले. पालक हसत राहिले.

"मॅडम, आवाज येत नाही!" मागून ओरड आली.

हातात देताना बटण बंद झालं होतं, आणि टाळ्याही अजून चालूच होत्या. म्हणजे कुणीही ऐकलं नव्हतं. निलोफरच्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा: अजून 'धन्यवाद' म्हणता येईल. हा विचार तिला लाज वाटण्याइतका गोड वाटला. तेवढ्यात पियुष धावत आला, त्याने बटण दाबलं, आणि खर्रकन आवाज होऊन सभागृह शांत झालं.

"आबा," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज चारी भिंतींवरून तिच्याकडे परत आला, "मी पुढच्या वर्षी इथं नाही. मी नोकरी सोडतेय."